कोरी सोडलेली जागा

(इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मृतिदिनी छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आज 31 डिसेंबर. शहरातले हॉटेलवाले आज पहाटेपर्यंत जागे राहणार आहेत आणि तुम्ही मात्र वंशावळीवरचे व्याख्यान ऐकायला आलात. तुमच्या घरच्यांना काय वाटले असेल याची मला कल्पना आहे, कारण माझ्या घरच्यांना गेली चाळीस-बेचाळीस वर्षे तेच वाटत आले आहे.

आयोजक विषय ठरवूनच माझ्याकडे आले होते: वंशावळीच्या शोधात घालवलेले आयुष्य. कोणाचे आयुष्य, असे विचारले तर म्हणाले, तुमचेच. 1926 साली याच तारखेला राजवाडे धुळ्याला वारले. त्या माणसाच्या दिवशी स्वतःचे आयुष्य सांगत बसायला मला लाज वाटली असती. शेवटी तडजोड झाली. विषय वंशावळीचाच राहील, आयुष्ये मी दुसऱ्यांची सांगेन आणि माझे त्यात चुकांपुरते येईल.

माझी ओळख थोडक्यात देतो. रविवारी सकाळी माझ्याकडे लोक पिशव्या घेऊन येतात. पिशवीत घडीवर फाटलेले कागद असतात, कधी मोडी, कधी उर्दू, क्वचित फारशी. सेतवाराची नक्कल असते, खासरा पाहणीपत्रक असते, इनामाचा मुंतखब असतो, आजोबांचा शाळेचा दाखला असतो आणि त्यावर जन्मतारीख फसली सनात असते. ‘एवढं वाचून द्या’ म्हणतात. वडिलांचे सगळे शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झालेले, त्यामुळे उर्दू मला घरातच मिळाली. मोडी एका वृद्ध पटवाऱ्यांनी शिकवली. त्यांनी फी म्हणून एकच अट घातली होती, की पुढे कोणाकडून फी घ्यायची नाही. ती मी पाळली. चहासुद्धा येणाऱ्याने माझ्याकडचा प्यायचा, मी त्याच्याकडचा नाही.

लोक याला सेवा म्हणतात, मोठेपणा देतात. मला त्यात मोठेपणा दिसत नाही. पैसे न घेणे हा या कामाच्या पद्धतीचाच भाग आहे असे माझे मत आहे आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. वंशावळ लावताना कुठल्या तरी पिढीपाशी कागद संपतो. तिथे जागा कोरी सोडावी लागते. ज्याने पैसे घेतले आहेत, त्याला ती कोरी सोडता येत नाही. समोरच्याला पणजोबा हवा असतो, कोरी जागा नको असते.

आपण बसलो आहोत त्याच्या आसपास वंशावळींचा केवढा खजिना आहे बघा. वेरूळच्या दशावतार लेण्यात, म्हणजे 15 क्रमांकाच्या लेण्यात, राष्ट्रकूटांचा शिलालेख आहे. दंतिवर्मा, त्याचा इंद्रराज, त्याचा गोविंदराज, त्याचा कर्क, कर्काचा पुन्हा इंद्रराज आणि त्याचा दंतिदुर्ग. नावे ओळीने ऐका. इंद्र दोनदा, दंति दोनदा. आजोबा-पणजोबांचे नाव पोरांना ठेवायची आपली खोड बाराशे वर्षांची तरी आहे. ही खोड मला एकदा फार महागात पडली, ते पुढे सांगतो.

देवगिरीवर यादवांचा करणाधिप हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात आपल्या धन्याची वंशावळ श्लोकांत बांधून ठेवली. ती चंद्रापासून सुरू होते, यदूवरून येते आणि बऱ्याच खाली आल्यावर दृढप्रहाराशी जमिनीला पाय टेकते. डॉ. रा. गो. भांडारकरांनी 1884 साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा याच प्रशस्तीचा आधार घेतला, पण चंद्र आणि यदू बाजूला ठेवून. दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेरचा ताम्रपट शके 922चा आहे. अशा ताम्रपटांवर हेमाद्रीची यादी घासून बघता येते आणि खालचा भाग चांगला टिकतो. हेमाद्रीला मी दोष देत नाही. तो पगारी माणूस होता. पगारी माणसाने राजाच्या वंशात कोरी जागा सोडली असती तर काय झाले असते, ते तुम्हीच ठरवा.

माझे सर्वांत आवडते उदाहरण मात्र अजिंठ्याचे. 16 क्रमांकाचे लेणे हरिषेण वाकाटकाचा सचिव वराहदेव याने कोरवले आणि तिथल्या लेखात वाकाटकांची वंशावळ दिली. अक्षरे झिजलेली. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी पहिल्या प्रवरसेनानंतरच्या राजाचे नाव रुद्रसेन असे वाचले. ते सोयीचे होते, कारण ज्ञात असलेल्या शाखेत रुद्रसेन होताच. पुढे 1939 साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. त्यात प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती अशी नावे निघाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तर तिथेही सर्वसेनच होता. एका नावाची दुरुस्ती झाली आणि वाकाटकांची वत्सगुल्माची, म्हणजे आपल्या वाशीमची, अख्खी शाखा उभी राहिली. अजिंठा कोरवणारे राजे नागपूरकडच्या घराण्याचे नव्हते, वाशीमचे होते. आधीच्या वाचकांनी त्या अक्षराशी ‘येथे वाचता येत नाही’ असे लिहिले असते, तर कोणाचे काय बिघडले असते?

आता माझी चूक. 1990च्या सुमारास एका पाटील घराण्याची वंशावळ मी लावली. कागद भरपूर होते, घरचे लोक उत्साही होते. ‘मल्हारी बिन संताजी’ असे नाव एका जुन्या कागदात होते आणि तसेच नंतरच्या एकातही होते. मी दोन्ही एकत्र केले. प्रत्यक्षात ते आजोबा आणि नातू. मधला संताजी मी गाळला आणि दोन माणसांचा एक माणूस करून टाकला. माझ्या वंशावळीतले हे मल्हारी पाटील हिशेबाने एकशे वीस वर्षे जगत होते आणि तरी मला संशय आला नाही. आठ-दहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी चाळलेल्या एका रजिस्टरात फसली 1318 सालची, म्हणजे इसवीच्या 1908-09ची, मल्हारी पाटलांच्या मृत्यूची नोंद दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी त्या गावी गेलो. तोवर घरच्यांनी माझी वंशावळ संगमरवरावर कोरून देवळात बसवली होती. मी चूक सांगितली, हात जोडले. ते म्हणाले, असू द्या आता, दगड बसलाय. तो दगड अजून तिथेच आहे. अजिंठ्याच्या लेखाला मी नावे ठेवतो ती स्वतःचा दगड आठवूनच.

तेव्हापासून एक नियम केला. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे धरायचे नाही. नाव, बापाचे नाव, गाव आणि साल, चारांपैकी तीन जुळल्याशिवाय रेघ ओढायची नाही. साल जुळवायचे तर शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, फसलीत पाचशे नव्वद, शुहूर सनात पाचशे नव्व्याण्णव. महिना वर्षाच्या टोकाला असेल तर एखादे वर्ष इकडे-तिकडे. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे मुलगा, ‘उर्फ’ दिसले की थांबायचे आणि ‘दत्तक’ हा शब्द दिसला की चष्मा पुसून पुन्हा वाचायचे.

आता या शहरातल्या एका ग्रंथाची गोष्ट सांगतो. ती शाळेत कोणी सांगितली नाही आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकातही नसते.

अब्दुर्रझाक नावाचा मुलगा 1700 साली लाहोरला जन्मला, लहान वयात औरंगाबादेत आला आणि इथलाच झाला. पुढे तो निजामाच्या दरबारात चढला. समसामुद्दौला शाहनवाज खान हे त्याचे प्रसिद्ध नाव. 1741च्या सुमारास निजामाचा मुलगा नासिरजंग याने बापाविरुद्ध बंड केले, त्यात शाहनवाज खान मुलाच्या बाजूला राहिला. बंड फसले, नोकरी गेली. पाच-सहा वर्षे घरी बसावे लागले. अशा वेळी माणूस दारू पितो, नाहीतर लोकांच्या नावाने खडे फोडतो. याने मोगल दरबारच्या अमीर-उमरावांची घराणी लिहायला घेतली. कोण कोणाचा मुलगा, कुठून आला, कोणती मनसब मिळाली, पोरे काय निघाली. ग्रंथाचे नाव ‘मआसिरुल उमरा’. सातशेंहून अधिक उमरावांची चरित्रे त्यात आहेत. त्यांत राजपूत आहेत आणि आपल्या वेरूळच्या भोसल्यांचीही नोंद आहे.

पुढे तो पुन्हा नोकरीत आला, निजाम सलाबतजंगाचा दिवाण झाला आणि ग्रंथ बाजूला पडला. 1758च्या मे महिन्यात फ्रेंच आणि निजामाच्या राजकारणात त्याचा खून झाला. औरंगाबादेतले त्याचे घर लुटले गेले. लुटीत हस्तलिखिताचीही पाने पसरली. लुटारूला चांदीचे भांडे कळते, कागद कळत नाही. तो रस्त्यात टाकतो.

इथे दुसरा माणूस येतो. गुलाम अली आझाद बिलग्रामी. बिलग्रामचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातला, अरबी-फारशीचा मोठा पंडित. औरंगाबादेत येऊन पाणचक्कीच्या तकियात काही वर्षे राहिलेला. शाहनवाज खानाचा मित्र. मित्र मेल्यावर त्याच्या बाजूने बोलणेही धोक्याचे होते, अशा दिवसांत हा माणूस पाने शोधत फिरला. वर्षभराने बरीचशी हाती लागली. ती त्याने लावली आणि मित्राचे चरित्र लिहून ग्रंथाला जोडले. काही चरित्रे मिळालीच नाहीत. काहींची उणीव त्याने स्वतःच्या दुसऱ्या ग्रंथातला मजकूर घालून भरली आणि हे घातलेले आहे असे सांगूनही ठेवले. पुढे शाहनवाज खानाचा मुलगा अब्दुल हई याने बारा वर्षे खपून 1780 साली काम तडीला नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने फारशी मूळ छापले, नंतर इंग्रजी भाषांतर झाले. आज मोगल उमरावांच्या घराण्यांवर लिहिणाऱ्या कोणालाही या ग्रंथाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

बापाचे काम मुलाने पुरे केले, यात नवल नाही, रक्ताचे नाते होते. आझादचे काय नाते होते? घराणी दुसऱ्यांची, ग्रंथ दुसऱ्याचा. त्याला त्यातून जहागीर मिळणार नव्हती. आझाद 1786 साली गेला. खुलताबादला कवी अमीर हसन सिजझीच्या कबरीजवळ त्याची कबर आहे. खुलताबादेत आपण औरंगजेबाच्या कबरीवरून भांडायला जातो, भद्रा मारुतीला जातो, आझादच्या कबरीपाशी सहसा कोणी जात नाही. राजवाड्यांच्या आधी जवळपास दीडशे वर्षे या शहरात राजवाड्यांचेच काम करणारा एक माणूस होता, एवढे ध्यानात असू द्या.

राजवाड्यांचे सगळ्यांना ठाऊक आहे असे समजून आपण त्यांच्यावर फार कमी बोलतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, एकूण 22 खंड झाले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यात ते होते. इंग्रजी उत्तम येत असून लिहायचे मराठीतच, ही प्रतिज्ञा. स्वतःच्या हाताने शिजवायचे, एक वेळ जेवायचे, गावोगाव दप्तरे हुडकायची. त्यांचे निष्कर्ष मला पुष्कळ ठिकाणी पटत नाहीत. जातींविषयी ते जे लिहीत त्यात पूर्वग्रह उघड दिसतो आणि आजच्या दिवशी तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यांनी कागद छापला तो स्वतःचा युक्तिवाद खोटा पाडायला उपयोगी पडेल असा, पूर्ण छापला. त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांनी पुरावे त्यांच्याच खंडांतून काढले.

वंशावळीला पूर्वी पोटाशी बांधलेले कारण होते, ते म्हणजे वतन. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी कोणाची, याचा तंटा गोतसभेपुढे जायचा, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा आणि दोन्ही बाजू आपापली वंशावळ मांडायच्या. दोन्ही खऱ्या असणे शक्यच नसायचे. भाऊबंदकीच्या करिन्यात, म्हणजे लेखी हकिकतीत, एखादा चुलता निपुत्रिक मेल्याचे लिहिले की त्याच्या नातवंडांचा हक्क संपला. माणसे कागदावर मारली जात आणि कागदावर जन्मालाही घातली जात. पुढे इंग्रजांचे इनाम कमिशन, आपल्याकडे निजामाची अतियात, म्हणजे इनामांची, कचेरी. धोरण बदलले, भाषा बदलली, वंशावळ मागणे तसेच राहिले.

घराण्याने स्वतःची वंशावळ लिहिली की त्यात प्रेम असते, हेही खरे. पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे नारायणभट्ट, नारायणांचे रामकृष्ण, त्यांचे दिनकर आणि दिनकरांचे विश्वेश्वर. हे विश्वेश्वर म्हणजे शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट. या घराण्याचे गोत्र विश्वामित्र, आणि विश्वामित्राचा बाप गाधी, म्हणून नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी आपल्या कुळाचा इतिहास लिहिला त्याचे नाव ठेवले ‘गाधिवंशानुचरित’. आपल्याकडे विसाव्या शतकात कुलवृत्तांतांची लाट आली. पैठणच्या या घराण्याने ते काम तीनेकशे वर्षे आधी संस्कृतात करून ठेवले होते. 1912 साली महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री या बंगाली पंडिताने त्यावर लेख लिहिला आणि दक्षिणी पंडितांची ही कथा जगाला कळली. पैठणात मात्र मी विचारत फिरलो तेव्हा गागाभट्ट इथले म्हणून अभिमान सगळ्यांना होता, ग्रंथाचे नाव एकालाच माहीत होते.

भोसल्यांचेही तसेच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. घर सोडून किती लांब गेलेली माणसे ती, पण आपले मूळ दगडात लिहून ठेवावेसे त्यांना वाटले. बाबाजी, मालोजी, शहाजी ही साखळी कागदांनी घट्ट बांधलेली आहे. बाबाजींच्या वरच्या पिढ्यांच्या याद्या मात्र एकीशी एक जुळत नाहीत. यावर मला दरवर्षी कोणी तरी ‘तुमचे मत सांगा’ म्हणून खोदून विचारतो. कागद जिथे थांबतो तिथे मी थांबतो. ज्या घराण्यात शिवाजी महाराज जन्मले त्याला थोरवीसाठी आणखी वरच्या पणजोबाची गरज काय?

आता ज्यांच्यामुळे सामान्य माणसाची नावे टिकली, त्यांच्याकडे येतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूने क्षेत्री गेल्यावर आपल्या हाताने लेख लिहून द्यायचा: मी अमुक, गाव अमुक, बाप, आजा, पणजा, भाऊ, मुले, सोबत कोण आले. नंतर येणारा नातू तो लेख बघतो आणि खाली आपला लिहितो. दुसरे हेळवी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावच्या बाजूला सुगीनंतर बैलावर बसून येणारे, दारात उभे राहून घराची पिढी म्हणून दाखवणारे. बदल्यात धान्य, कापड, एखादे भांडे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला 1894 पासून वंशावळींची एक संस्था आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे तिच्याकडे आहेत आणि जगभरचे स्वयंसेवक घरबसल्या तिच्यासाठी नोंदी उतरवतात. ती ज्या पंथाने काढली त्यात पूर्वजांसाठी विधी करायचे असतात म्हणून हा खटाटोप. हेतू त्यांचा, पण उपयोग सगळ्यांना होतो.

पुन्हा हेळव्यांकडे येऊन एक विपरीत गोष्ट सांगतो. हेळवी आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. जन्म बैलाच्या पाठीवर, शाळा नाही, सातबारा नाही. लोकांच्या दहा-दहा पिढ्या ज्यांच्या तोंडी, त्यांच्याच पोरांना स्वतःचा आजा सिद्ध करता येत नाही. माझ्याकडे अशी प्रकरणे आली आहेत. बहुतेकांत मी काहीच करू शकलो नाही.

2023चा पावसाळा संपता संपता माझ्या रविवारचे रूपच बदलले. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचे उपोषण झाले, 7 सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसिलात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. ऑक्टोबरअखेर सरकारने सांगितले की मराठवाड्यात 1 कोटी 73 लाख दस्तऐवज तपासले आणि त्यांत 11 हजार 530 कुणबी नोंदी मिळाल्या. माझ्या दारात चपलांचा ढीग. तोवर ज्यांना मोडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, ते तरुण मोबाइलवर फोटो घेऊन येऊ लागले. ‘काका, हा कु म्हणजे कुणबीच ना?’ कुठे असायचा, कुठे नसायचा.

आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. तो माझा विषय नाही आणि या सभागृहात दोन्ही बाजूंचे लोक बसले आहेत. मला सांगायचे आहे ते वेगळे. नोंद सापडली म्हणजे काम संपले असे लोकांना वाटले, पण खरे काम तिथून पुढे होते. दाखल्यासाठी लागणाऱ्या, 13 ऑक्टोबर 1967च्या आधीच्या कागदावरचा तो माणूस तुमचा कोण, हे दाखवायचे तर वंशावळच लागते. म्हणून 2024च्या जानेवारीत तालुक्याला वंशावळ जुळवण्यासाठी समित्या करायचे ठरले आणि 2 सप्टेंबर 2025च्या शासन निर्णयाने चौकशी गावापर्यंत गेली. हैदराबाद गॅझेटियरचा एवढा गाजावाजा झाला, पण गॅझेटियरात आकडे असतात, नावे नसतात. आकड्याला आजोबा म्हणता येत नाही. नावे दप्तरांत होती, आणि आपल्याकडची दप्तरे म्हणजे काय सांगावे. इथल्या किल्ले अरकमधले मोगल काळाचे दीड लाखावर कागद 1916 साली हैदराबादला गेले, ते तिकडचेच झाले.

नोंदींच्या शोधाच्या त्या महिन्यांत माझ्याकडून मदत झाली त्याहून नकार जास्त गेले. एक गृहस्थ मोटारीतून आले. एका गावची नोंद त्यांना मिळाली होती, आडनाव तेच, आजोबांचे नाव तेच. मधली एक पिढी मिळत नव्हती. ‘एक नाव घालायचं आहे फक्त,’ असे म्हणून त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले. मी चहा मागवला. पाकीट परत दिले, कोऱ्या जागेवर पेन्सिलीने गोल केला आणि कोणत्या कचेरीत काय मागायचे ते लिहून दिले. ते रागावून गेले. दोन महिन्यांनी एका शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांना खरे नाव मिळाले. ते दुसरेच होते, पाकिटासोबत त्यांनी सुचवलेले नव्हते. तेव्हा पेढे घेऊन आले. पेढे मी खाल्ले, एवढा नियम मोडला.

याच गर्दीत एक बाई आल्या. नवरा गेलेला, पदरात मुलगी. सासरच्या वंशावळीचा मोठा तक्ता घेऊन आल्या होत्या, नऊ पिढ्यांचा. त्यांना काही वाचून नको होते. तक्ता टेबलावर पसरून त्यांनी विचारले, यात माझी मुलगी कुठे आहे? नऊ पिढ्यांत एकही बाई नव्हती. नवऱ्याच्या नावाखाली आडवी रेघ आणि तिच्या टोकाला शून्य. जुन्या तक्त्यांत मुलगा नसेल तर असेच काढतात.

मी चाळीस वर्षे अशी शून्ये वाचत होतो आणि मला ती कधी खुपली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. कोरी जागा प्रामाणिकपणाची म्हणून मी मिरवत होतो, तर ही दुसरी कोरी जागा होती. माणूस ठाऊक असून सोडलेली. आणि हे पूर्वापार असेच आहे, असेही म्हणता येत नाही. प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिच्या ताम्रपटात ती सासरची वंशावळ देत नाही, माहेरच्या गुप्तांची देते, आणि गोत्रही बापाचे, धारण, लावते. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत. पैठणची राजधानी होती ती. आपल्या सातबाऱ्यावर मात्र बाईचे नाव आले ते बहुधा नवरा मेल्यावर, वारस म्हणून.

त्या रविवारी मी शून्य खोडले आणि मुलीचे नाव लिहिले. मग त्या बाईंना त्यांच्या आईचे, आजीचे माहेर विचारले. आजीपर्यंत आले, पुढे त्यांना आठवेना. तिथे मी जागा कोरी सोडली, पण या वेळी रेघ ओढून, खाली ‘माहेर शोधणे’ असे लिहून. तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक तक्ता दोन्ही बाजूंनी वाढतो. कागद मोठा लागतो, काही घरचे पुरुष कुरकुरतात.

माझे वय आता असे आहे की डोळे सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरला दाखवावे लागतात. मोडी शिकायला दोन मुली आणि एक मुलगा सध्या रविवारी येतात, उर्दू वाचणारा एकही नाही. मराठवाड्याचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत. तुमच्यात कोणाला उर्दू येत असेल, किंवा शिकायची इच्छा असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल. आणि बाकीच्यांनी एवढेच करा: आज घरी गेल्यावर घरातले सर्वांत म्हातारे माणूस जागे असेल, तर त्याला त्याच्या आईचे आणि आजीचे माहेरचे नाव आणि गाव विचारा. जे सांगितले ते लिहा, जे आठवले नाही तिथे जागा सोडा, खाली आजची तारीख घाला आणि कागद रविवारी घेऊन या.